चार बोटं जागेत बसणारा हेडफोन

लातुरात ट्यूशन एरियाजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. नीट-जेईईची तयारी करणारी पोरं-पोरी नांदेड, परभणी, हिंगोली, बीडहून इथं येऊन राहतात आणि रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसून रेकॉर्डेड लेक्चर ऐकतात. त्यामुळं माझ्या टेबलावर मोबाईलच्या बरोबरीनं हेडफोन येतात. स्पीकर जळालेला हेडफोन क्वचित दिसतो. बिजागरीपाशी तडकलेलं प्लॅस्टिक आणि नेमकी त्याच जागी तुटलेली वायर मात्र रोजची. पोरगं सांगतं, "दादा, एका कानात येईना गेलंय, जरा वाकवलं की येतंय." वाकवल्यावर आवाज येतो म्हणजे वायर घडीच्या जागी आतून तुटली, हे न उघडताही कळतं. हेडफोन वापरताना जेवढे मोडतात त्याहून जास्त ठेवताना मोडतात, हे माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण. मेकॅनिकलचा डिप्लोमा हाताशी होता, म्हणून ठरवलं की एक घडीचा हेडफोन आपणच करून बघायचा.

सुरुवात मोजमापापासून केली, तेही हेडफोनच्या नव्हे, तो ठेवतात त्या जागेच्या. अभ्यासिकेतल्या टेबलाखालच्या कप्प्यात पुस्तकांची थप्पी असते आणि तिच्यावर जेमतेम चार बोटं जागा उरते. सॅकमध्येही तेच: डबा, बाटली, मॉड्यूल, आणि वरून कोंबलेला हेडफोन. बाजारातले बहुतेक घडीचे हेडफोन कप, म्हणजे कानावरच्या वाट्या, आत वळवून गोळा होतात. गोळा दिसायला लहान, पण उंचीला कपाच्या व्यासाएवढा, म्हणजे आठ-नऊ सेंटिमीटर. कप्पा बंद करताना सगळा दाब बिजागरीवर येतो. दुसरा प्रकार म्हणजे कप ९० अंशात फिरवून सपाट करायचे. त्यात जाडी कमी होते, पण पसारा तेवढाच राहतो. जागा वाचवायची की बिजागऱ्या कमी ठेवायच्या, हा प्रश्न मोठ्या कंपन्यांपुढंही असतो. सोनीनं २०२२ च्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ मध्ये आत वळणारी घडी काढून टाकली आणि २०२५ च्या एक्सएम६ मध्ये परत आणली. कॉस कंपनीचा पोर्टा प्रो हेडफोन १९८४ पासून तीच पातळ पोलादी पट्टी आणि तीच घडी घेऊन चालला आहे. मला त्याच्याबद्दल फार आदर आहे.

मी दोन्ही हालचाली एकत्र करायचं ठरवलं: आधी कप फिरून सपाट होणार, मग डोक्यावरच्या पट्टीच्या कमानीत आत येणार. त्यासाठी दोन्ही कप कमानीत शेजारी-शेजारी मावायला हवेत. कमानीची आतली रुंदी साधारण १५ सेंटिमीटर, म्हणून कप ६ सेंटिमीटरचा घेतला. आत ४० मिलिमीटरचा स्पीकर व्यवस्थित बसतो. किंमत मोजावी लागली ती अशी की कान पूर्ण झाकणारा हेडफोन होत नाही, कानावर टेकणारा होतो. बाहेरचा गलका थोडा आत येतो. गाण्यासाठी हे मला चाललं नसतं, सरांचं लेक्चर ऐकायला चालतं. घडी केल्यावर जाडी साडेतीन सेंटिमीटर राहिली.

ब्लूटूथ मुद्दाम टाळलं. बॅटरी आली की जागा गेली, आणि वायरलेस हेडफोन विकायचा तर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते. वायर एकाच बाजूनं, डावीकडून ठेवली, कारण उजव्या हातानं लिहिणाऱ्यांच्या वहीवर ती येत नाही. पण मग उजव्या कपाला जाणारी वायर पट्टीतून, दोन्ही बिजागऱ्या ओलांडून न्यावी लागते. दुकानात येणारं मूळ दुखणं तेच होतं.

यावर उपाय केला तो पोकळ खिळीचा. खिळी म्हणजे बिजागरी जिच्याभोवती फिरते ती पिन. वायर बिजागरीच्या बाजूनं नेली की प्रत्येक घडीला एकाच ठिकाणी मोडून वाकते. खिळीच्या मधोमध, फिरण्याच्या आसातूनच नेली तर ती फक्त पिळली जाते, आणि तो पीळ लांबीभर वाटला जातो. त्यासाठी ४ मिलिमीटर व्यासाची पितळी नळी हवी होती. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मामांकडं गेलो. त्यांच्याकडं सोयाबीनच्या मळणी यंत्रांचे शाफ्ट पडलेले. माझा तुकडा बोटावर घेऊन म्हणाले, "एवढं बारीक? चष्म्याचं काम हाय का हे?" पण करून दिलं, आणि नळीची दोन्ही तोंडं न सांगता गोल घासून दिली. त्या गोलाईचं मोल नंतर कळलं. धारदार कडेवर वायरचं कव्हर हळूहळू कापलं जातं. वायर घेतली हेडफोनचीच, रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेल्या इनॅमलच्या बारीक तारांची. टाका मारण्याआधी इनॅमल जाळून घ्यावं लागतं, नाहीतर शिसं नुसतं वर बसतं आणि आत जोड होत नाही. कपात शिरल्यावर वायरला एक सैल वेढा ठेवला.

प्लॅस्टिकचे भाग थ्रीडी प्रिंटरवर काढले. पहिले नमुने पीएलएचे होते. हे प्लॅस्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात लातूरला सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, मग उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत काय होत असेल ते सांगायला नको. बिजागरीचे कान, म्हणजे खिळी धरणारे तुकडे, वाकडे होऊन आले. पुढं कप जास्त उष्णता सोसणाऱ्या पीईटीजी प्लॅस्टिकचे आणि बिजागरी नायलॉनची केली. प्रिंट कोणत्या दिशेनं घेता यालाही महत्त्व आहे. भाग उभा प्रिंट केला तर जोर आल्यावर कान थराथरातून सुटतो, म्हणून भाग आडवा झोपवून प्रिंट केला.

आता ज्या भागावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो सांगतो. घडी दोन पायऱ्यांची आहे, आधी फिरवा, मग दुमडा. लेक्चर संपलं की पोरं घाईत असतात. ती थेट दुमडतात, कप पट्टीला अडतो, आणि वरून आणखी जोर लावला की कान तुटतो. पहिला विचार होता की आत एक दात ठेवावा, न फिरवता दुमडूच नये. पण अडवलेल्या प्लॅस्टिकवर माणूस जास्तच जोर लावतो, हे मी काउंटरपलीकडून रोज पाहतो. म्हणून अडवण्याऐवजी वाट करून दिली. पट्टीच्या टोकाला तिरपा उतार दिला आणि कपाच्या धारकाला त्याला जुळणारी गोल कड. थेट दुमडलं तरी कड उतारावर घसरते आणि कप आपोआप फिरून सपाट होतो. उतार जास्त उभा असेल तर कड अडते, फार आडवा असेल तर कप पुरता फिरत नाही. कानस घेऊन थोडं थोडं घासत तो कोन सापडला, आणि तोच मग ड्रॉइंगमध्ये घातला.

उघडल्यावर खटका बसायला सायकलच्या चाकातली बारीक गोळी आणि तिच्यामागं बॉलपेनची स्प्रिंग. कानावरचा दाब सामान तोलायच्या हुकाच्या काट्यानं मोजला: दोन्ही कप १४.५ सेंटिमीटरवर ताणून धरायचे आणि आकडा बघायचा. साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास ठेवला. त्याहून जास्त झालं की तासाभरात कानाच्या पाळ्या दुखतात, कमी झालं तर गादी नीट टेकत नाही आणि आवाजातला भरदारपणा जातो.

टिकाऊपणा तपासायला गाडीच्या वायपरची मोटर जोडली. ती रात्रभर उघड-मीट करायची आणि वायर तुटली तर कळावं म्हणून तिला मल्टिमीटरचा बझर लावलेला असायचा. मोटरच्या परीक्षेत वायर पास झाली, पण एक गोष्ट मोटरला कळणारी नव्हती. परभणीच्या एका मुलीनं नमुना डोक्यावर घातला, काढताना थांबली आणि म्हणाली, "दादा, केस अडकालेत ह्यात." बिजागरीच्या बाहेरच्या फटीत दोन केस अडकले होते. ती फट झाकणारी पातळ पाकळी त्या दिवसापासून डिझाइनमध्ये आहे. लांब केसांच्या मुलींना नमुना दिल्याशिवाय कुणी हेडफोनची बिजागरी पक्की करू नये, असं मला मनापासून वाटतं.

नोंदणीचंही सांगतो, कारण बरेच जण विचारतात. डिझाइन कायदा, २००० खाली जी नोंदणी होते ती वस्तूच्या दिसण्याला संरक्षण देते, ती कशी चालते त्याला नाही. पहिली १० वर्षं, नंतर ५ वर्षं वाढवून मिळतात. उतारावर कप फिरण्याची युक्ती ही चालण्याची गोष्ट, त्यासाठी पेटंटचाच रस्ता. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज आधी केला आणि मगच नमुने बाहेर दिले. तारीख हातात आली की पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. आधी जगाला दाखवून मग अर्ज केला तर नवेपणाच संपतो.

सध्या मोल्डपाशी, म्हणजे प्लॅस्टिकचे भाग काढायच्या साच्यापाशी, आलो आहे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधून शिकून आलेल्या एका मित्राला ड्रॉइंग दाखवलं. त्यानं उतारावर बोट ठेवलं. ही जागा सरळ उघडणाऱ्या मोल्डमधून सुटणार नाही, बाजूनं सरकणारा गाभा लागेल आणि खर्च बराच वाढेल. बसून धारकाचे दोन तुकडे केले आणि ते बाहेरून दिसणाऱ्या एका स्क्रूनं जोडले. यात आणखी एक फायदा झाला. बिजागरी तुटलीच तर स्क्रू काढून नवा तुकडा कुठल्याही दुकानात बसवता येईल, अख्खा हेडफोन फेकावा लागणार नाही. दोन्ही तुकड्यांना आता मोल्डमधून सुटण्यापुरता ढाळ द्यायचा आहे, तेवढं झालं की ड्रॉइंग कोटेशनला जाईल.