बारावीनंतर थेट सेटवर, तेही साउंडमध्ये

बारावी सायन्सला मला ६८ टक्के पडले. सीईटीत त्याहून बेताचं यश. घरात तरीही इंजिनीअरिंगचंच बोलणं चाललं होतं. एका रात्री जेवताना मी सांगून टाकलं, मला फिल्म लाइनमध्ये काम करायचंय. अभिनय नाही, कॅमेऱ्यामागे. आई काहीच बोलली नाही, ताटं उचलून आत गेली. बाबांनी मामाला फोन लावला.

मामा रविवारी आला. चहा संपवून त्याने दोनच गोष्टी विचारल्या. हे शिकायचं कुठे? आणि यात पोट कसं भरतं? रागावला नाही, पण उत्तरं घेऊन ये म्हणाला. माझे जून आणि जुलै त्या उत्तरांमागे गेले.

पुण्याची एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, मला ऐकून माहीत होती. प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेली संस्था. माझी समजूत अशी की बारावी झाली की तिथे परीक्षा द्यायची. माहितीपत्रक वाचल्यावर कळलं, तिथल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते. म्हणजे ती वाट बंद नव्हती, पण तीन वर्षं लांब होती. मग बाबांसोबत ठाण्यातल्या एका खासगी संस्थेत गेले. एका वर्षाच्या डिप्लोमाचे साडेतीन लाख, आणि वर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. मी विचारलं, गेल्या वर्षीची मुलं आता कुठल्या सेटवर आहेत, एकदोघांशी बोलता येईल का? त्यावर मला पुन्हा तेच माहितीपत्रक देण्यात आलं. आम्ही पायऱ्या उतरलो तेव्हा बाबा आणि मी एकमेकांशी काही न बोलताच ठरवलं होतं. कुणी आज मला विचारलं तर मी हेच सांगते: पैसे भरण्याआधी आधीच्या विद्यार्थ्यांशी बोला. स्टुडिओ आणि कॅमेरे कुणीही दाखवतं.

शेवटी मुंबई विद्यापीठाच्या बीएएमएमसीला, म्हणजे मास कम्युनिकेशनच्या पदवीला, प्रवेश घेतला. कॉलेज सकाळचं, फी परवडणारी, दुपारनंतर दिवस मोकळा.

पहिल्याच सत्रात आम्ही अकरा जणांनी शॉर्टफिल्म करायची ठरवली. सहा जणांना कॅमेरा हवा होता, चौघांना दिग्दर्शन. कॅमेरा मलाही हवा होता, पण त्या ओढाताणीत माझा आवाज कमी पडला आणि रेकॉर्डर माझ्या हातात आला. नौपाड्यात एका मैत्रिणीच्या घरी शूट केलं. रात्री ऐकलं तर संवादांपेक्षा पंखा मोठा. फ्रिजची घरघर, खाली भाजीवाला, आणि हिरॉइन जणू शेजारच्या खोलीतून बोलतेय. पुढच्या आठवड्यात सगळं पुन्हा केलं. या वेळी पंखा बंद, फ्रिज बंद, आणि माइक कलाकारापासून दीड हातावर. अकरावी-बारावीच्या फिजिक्समध्ये पाठ केलेलं सूत्र तेव्हा पहिल्यांदा कळलं: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. महागडा माइक लांब धरण्यापेक्षा साधा माइक जवळ नेलेला बरा.

दुसऱ्यांदा हेडफोनमध्ये तिचा श्वास ऐकू आला. संवाद सुरू करण्याआधी घेतलेला छोटा श्वास. मला अंगावर काटा आला. त्यानंतर मी कॅमेरा मागितला नाही.

मामाला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, “साउंड म्हणजे लग्नात स्पीकर लावतात ते?” मी त्याला रेसुल पूकुट्टींबद्दल सांगितलं, २००९ साली साउंड मिक्सिंगचं ऑस्कर घेणारे, एफटीआयआयचेच विद्यार्थी. मामाचा आवाज बदलला. पहिला प्रश्न तेवढा सुटला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहत होतं. तिथले एक काका मालिकांच्या सेटवर लाइटचं काम करतात. घोडबंदर रोडला मालिकांचे किती सेट लागतात हे ठाणेकरांना माहीतच आहे. काकांनी एका साउंड रेकॉर्डिस्टला माझा नंबर दिला. सेटवर सगळे त्यांना दादा म्हणतात. संध्याकाळी फोन आला, “उद्या सातचा कॉल आहे, कासारवडवलीला. पंधरा दिवस पैसे नाहीत, जेवण आहे. जमलं तर ये.” मी पावणेसातला गेटवर होते.

पहिले दोन दिवस फक्त सेल. कलाकारांच्या वायरलेस माइकला जोडलेल्या प्रत्येक ट्रान्समीटरचे सेल कुठल्या सीननंतर बदलले ते वहीत लिहायचं, जुने वेगळ्या डब्यात, नवे वेगळ्या. तिसऱ्या दिवशी दादांनी कॉलर माइक, म्हणजे कपड्यात लपवायचा छोटा माइक, लावायला पाठवलं, आणि तिथे माझं खरं शिक्षण सुरू झालं. शर्टाला माइक लावणं सोपं असतं. मराठी मालिकेतल्या सुनेला लावून बघा. पैठणीचा काठ माइकला घासला की कानात कागद चुरगळल्यासारखं वाजतं. मंगळसूत्राच्या वाट्या तर थेट माइकवर आपटतात. म्हणून माइक पदराच्या घडीत किंवा ब्लाउजच्या काठाच्या आत, मायक्रोपोर टेपने (जखमेवर लावतात ती कागदी पट्टी) दोन्ही बाजूंनी बांधून, वायरीला छोटा वळसा ठेवून लावायचा, म्हणजे मान वळली तरी ओढ बसत नाही. मंगळसूत्र आतून टेपच्या एका तुकड्याने जागच्या जागी धरायचं. बांगड्यांना उपाय नाही. हात कमी हलवा, एवढं ताईंना सांगायचं, तेही रिहर्सलआधी. साउंडच्या टीममध्ये मी एकटीच मुलगी होते. माइक लावताना बायकांना माझ्यासमोर अवघडल्यासारखं व्हायचं नाही, म्हणून मेकअप रूममधून मला हाका यायला लागल्या. दादांनी मला ठेवून घेतलं त्यामागे हे मोठं कारण होतं आणि मला त्याचा अभिमान आहे.

बूम, म्हणजे लांब रॉडच्या टोकाला लावलेला माइक, पुढच्या महिन्यात हातात आला. रॉड डोक्यावर आडवा धरून पाच मिनिटांचा सीन संपेपर्यंत खांदे पेटतात. पण ताकदीपेक्षा लक्ष जास्त लागतं. कॅमेरा असिस्टंटला आधी विचारायचं, लेन्स कुठली? वाइड असेल तर माइक वर घ्यावा लागतो, क्लोज असेल तर कपाळापर्यंत उतरवता येतो. मुख्य लाइट कुठून येतोय ते बघून उभं राहायचं, नाहीतर भिंतीवर सावली पडते. आणि संवाद पाठ हवेत. कोण कधी बोलणार हे माहीत नसेल तर माइक नेहमी एक शब्द उशिरा पोचतो.

बाहेरचा रस्ता कुणाचं ऐकत नाही. न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर, मेट्रोचं काम, शेजारच्या सोसायटीतली ड्रिलमशीन. येऊरच्या जंगलाच्या बाजूने कोकीळ सुरू झाली की ती थांबेपर्यंत सगळं युनिट गप्प. त्यात दादांची एक सवय मी घेतली आहे. प्रत्येक लोकेशनवर पॅकअपआधी एक मिनिट सगळ्यांना स्तब्ध उभं करून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. एडिटरला संवादांच्या मधल्या फटी भरायला तीच लागते. लोक वैतागतात, घरी जायची घाई असते. तरी घ्यायची.

आता माझी चूक. एका ज्येष्ठ अभिनेत्रींचा रडण्याचा सीन होता. दुसऱ्या टेकला हेडफोनमध्ये मला बारीक खरखर ऐकू आली, पदर सरकला होता. दादा एका कानाने क्रिएटिव्ह टीमच्या माणसाशी बोलत होते. मला वाटलं त्यांनीही ऐकलं असेल. आणि अशा सीनमध्ये मी कोण थांबवणारी? टेक ओके झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी एडिटरचा फोन आला. ताईंना स्टुडिओत बसून तो सीन डब करावा लागला, आणि सेटवर आलेलं ते रडणं काही परत आलं नाही. एपिसोड बघताना मला तो फरक आजही टोचतो. मी ताईंकडे जाऊन सांगितलं की मला ऐकू आलं होतं आणि मी बोलले नाही. त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी हात वर कर गं. मी पुन्हा रडेन.” दादा ओरडले नाहीत. “ऐकू आलं की हात वर. कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांग,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून मी हात वर करते. दोनदा दिग्दर्शक चिडलेत. दोन्ही वेळा प्लेबॅक ऐकल्यावर रीटेक झालाय.

पैशांचं सांगायला हवं, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा दिवसांनंतर मला बारा तासांच्या शिफ्टचे ७०० रुपये ठरले. हातात आले ते नव्वद दिवसांनी, दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, वजा होऊन. पॅनकार्ड आधी काढून ठेवलं होतं म्हणून तो टीडीएस पुढच्या वर्षी रिटर्न भरून परत मिळवता आला. मधे एका दुसऱ्या प्रॉडक्शनकडे अकरा दिवस केले, त्यांचे पैसे आजपर्यंत आलेले नाहीत. फोनवर सगळं ठरलं होतं, लेखी एक ओळ नव्हती. आता मी काम घेण्याआधी मेसेज टाकते: दिवसाचा दर, शिफ्ट किती तासांची, पेमेंट किती दिवसांनी, रात्री नऊनंतर पॅकअप झालं तर घरी सोडायची गाडी आहे का. ‘ओके’ असं उत्तर आलं की मगच निघते. गाडीचा प्रश्न मुलींनी संकोच न करता विचारावा. पहिल्या महिन्यात बाबा रात्री साडेअकराला मानपाड्याच्या स्टॉपवर उभे असायचे आणि सकाळी सातला ड्युटीवर जायचे.

कॉलेज सोडलं नाही. हजेरीसाठी एकदा धावपळ झाली, एका पेपरला सेटवरून थेट गेले. आता शेवटचं वर्ष आहे. पदवी झाली की एफटीआयआयच्या साउंडच्या परीक्षेला बसणार आहे. दादांनी त्यासाठी मला रोज एक जागा डोळे मिटून ऐकायला लावली आहे. तलावपाळीला संध्याकाळी बसते आणि काय काय ऐकू आलं, जवळून की लांबून, ते वहीत लिहिते.

घरी मी काही रेकॉर्ड करायला घेतलं की आता आई स्वतःच पंखा बंद करते. गेल्या आठवड्यात मोठी सर आली तेव्हा मी रेकॉर्डर खिडकीत ठेवला. तिने कुकरखालचा गॅस बंद केला आणि मी हेडफोन काढेपर्यंत ओट्यापाशी भांडं न वाजवता उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “मला पण दे, ऐकू.”