शिकरणामुळं नाही हो काकू

गणपती उठले की आमच्या उपकेंद्रात सर्दी-खोकल्याची गर्दी वाढते, हे दरवर्षीचंच. पाटण तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाड्या, निम्मी माणसं मुंबईला, कोण माथाडीत कोण कंपनीत, आणि गणपतीला सगळी एकदम गावाला येणार. म्हणजे एरवी चार माणसांच्या घरात पंधरा जण झोपायला, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद, एकाला शिंक आली की आठवड्याभरात सगळं घर नाक ओढतंय. मी इथं सीएचओ, म्हणजे उपकेंद्राची समुदाय आरोग्य अधिकारी आहे, मूळची नर्सिंगची. त्या दिवशी लसीकरणाचं सेशन होतं, व्हरांड्यात बायका-पोरांची ही गर्दी, आणि त्यात एक बाळंतीण दीड महिन्याच्या मुलीला घेऊन आली, सोबत तिची आई आणि चुलती. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी होती. बाळ दिवसाआधी झालेलं, वजन जेमतेम दोन किलोच्या वर, त्यामुळं आमच्या आशाताईंच्या जास्तीच्या भेटी चालू होत्या आणि बाळानं वजनपण छान धरलं होतं.

मी कार्ड हातात घेतलं तोवर चुलती म्हणाली, "मॅडम, जरा सर्दी झालीय, तेवढं नाकात टाकायला द्या आणि इंजेक्शन देऊन टाका, परत डोंगर चढून कोण येणार." ताप आहे का विचारलं तर नाही. दूध पिते का विचारलं तर बाळंतिणीची आई गप्प, आणि ती पोरगी स्वतः हळूच म्हणाली, "कालपासनं तोंड लावते आणि लगेच सोडते, दमल्यासारखी करते."

दमल्यासारखी म्हटल्यावर मी सिरिंज बाजूला ठेवली. बाळाचं झबलं वर केलं. बाळ शांत असताना, मोबाईलवर टायमर लावून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण एवढ्याशा बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला 60 किंवा त्याच्या वर म्हणजे धोका. हिचे 70 च्या पुढं. परत मोजले, तेच. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या. पोट उडतंय हे आजीला पण दिसत होतं, पण ताप नाही म्हणजे काही नाही असा आपल्याकडं एक समज आहे. आमच्याकडचा ऑक्सिमीटर मोठ्या माणसांच्या बोटाचा, बाळाला तो लावून काही उपयोग नाही. तसंही त्या खड्ड्यानं सगळं सांगितलंच होतं.

108 ला फोन केला. गाडी येईपर्यंतचा वेळ मला आजपण लख्ख आठवतो, बाळामुळं नाही, चुलतीमुळं. तिनं सगळ्या व्हरांड्यासमोर सुरू केलं, "हिला सांगत होते, गणपतीत शिकरण खाऊ नको, नैवेद्याचं दहीभात खाऊ नको, केस धुऊ नको, ऐकलं नाही, आता दुधातनं उतरली सर्दी पोरीत." तिकडं सासूचा फोन चालू, तीपण तेच. आणि ती पोरगी, वीस-एकवीस वर्षांची असेल, बाळाला छातीशी धरून नुसती रडतेय, आणि मधेच मला विचारते, "मग मी पाजायचं बंद करू का?"

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काकू, शिकरणामुळं नाही हो. दुधातनं सर्दी उतरत नाही, उलट दुधातनं आईची प्रतिकारशक्ती जाते बाळाला. हा व्हायरस आहे, शिंकेतनं, खोकल्यातनं, शेंबूड पुसलेल्या हातातनं येतो. केळ्यातनं येत नाही." आणि तिला म्हटलं, दूध बंद अजिबात करायचं नाही, फक्त आत्ता वाटेत एवढ्या जोरात श्वास चाललाय तर जबरदस्तीनं पाजू नको, ठसका लागेल, दवाखान्यात सांगतील तसं. डोकं जरा उंच धरून बस. आणि श्वास मधेच थांबल्यासारखा वाटला किंवा ओठ निळे दिसले तर लगेच गाडीतल्या डॉक्टरांना सांग. एवढ्या लहान, त्यात दिवसाआधीच्या बाळांमधे असं होऊ शकतं.

मग आशाताईंनी विचारलं, घरात आणि कुणाला सर्दी? तर मुंबईचा चुलत भाऊ कुटुंबासकट आलेला, त्याचा चार वर्षांचा मुलगा आला तेव्हाच नाक गळत होतं, आणि अख्खे गणपती तो बाळाच्या पाळण्यापाशी, पप्पी काय घेतोय, स्वतःचा खुळखुळा तिच्या हातात काय देतोय. हे मी मोठ्यानं बोलले नाही. बोलले असते तर शिकरणाचा आरोप उचलून त्या पोरावर ठेवला असता, आणि मग दोन जावांमधे वर्षभर पुरेल एवढं भांडण. काही घरांत आजारापेक्षा गुन्हेगार शोधायचीच घाई जास्त असते.

गाडी मल्हारपेठ ओलांडून कराडला पोचली आणि बाळ ॲडमिट झालं. नंतर नाकातला स्वॅब पाठवला त्यात आरएसव्ही आला. रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. भावाचा मला घाबरून फोन, "मॅडम, हा नवीन कोरोना आहे का?" म्हटलं, नाही हो, नवीन कुठला, 1956 साली अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझींमधे सापडला आणि मग लगेच लहान बाळांमधे पण. दोन वर्षांची होईपर्यंत जवळपास सगळ्या मुलांना एकदा तरी होऊन जातो, तुम्हाला-मला पण झालाय, परत परत होतो, आपल्याला ती नुसती सर्दी. बाळाच्या श्वासनळीच्या अगदी बारीक फांद्या असतात, त्यात थोडी सूज आणि चिकट कफ आला की वाट बंद. जगात 2019 या एका वर्षात पाच वर्षांखालची लाखभर मुलं यानं गेली असा अंदाज आहे, बहुतेक आपल्यासारख्या देशांतली. आणि याच्यावर खास औषध नाही. अँटिबायोटिकनं व्हायरस मरत नाही. ऑक्सिजन, नाक साफ करणं, नळीनं दूध, आणि वाट बघणं. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात सगळ्यात जास्त जोर असतो, आणि हे बाळ आमच्याकडं आलं तो नेमका तिसरा दिवस होता.

पण दिवस तिथं संपला नाही. सेशन आवरून दुपारी मी आणि आशाताई त्या घरी गेलो, म्हटलं बाकीच्यांना बघून येऊ. चुलीचा धूर कोंडलेला, बाळाची धुरीची शेगडी कोपऱ्यात, आणि पलीकडच्या खोलीत आजोबा, म्हणजे त्या पोरीचे आजोबा, सत्तरीच्या पुढचे, जुना दमा, भिंतीला टेकून बसलेले, आडवं होता येत नाही म्हणून. सगळे बाळाच्या मागं, यांच्याकडं कुणाचं लक्ष नाही. पंप संपून किती दिवस झाले ते त्यांनाच माहीत नाही. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, 88 वर उतरलेला. पायावर सूज. मी म्हटलं आजोबा, तुम्हालापण जावं लागेल. तर म्हणतात, "माझं काय, पिकलं पान. पोरीकडं बघा." एक वाक्य बोलायला तीनदा श्वास घेतला त्यांनी. मुंबईच्या भावाची गाडी दारातच होती, त्यात घालून पाठवलं. त्यांची टेस्ट कुणी केली नाही त्यामुळं तोच व्हायरस होता असं मी छातीठोक सांगणार नाही, पण दमा, हृदयविकार असलेल्या म्हाताऱ्या माणसांना आरएसव्ही जड जातो हे पक्कं आहे, आणि त्या घरात त्या आठवड्यात दुसरं कारण शोधायची गरजपण नव्हती.

मागं राहिलेल्या बायकांना ओट्यावर बसवून सांगितलं. बाळ घरी आलं की सर्दीवाल्यानं जवळ जायचं नाही, आईलाच सर्दी असेल तर तोंडाला ओढणी बांधून पाजायचं पण पाजायचंच, उचलण्याआधी साबणानं हात. हा व्हायरस खेळण्यावर काही तास टिकतो पण साबणापुढं टिकत नाही. पप्पी नाही. धुरी बंद. दोन वर्षांच्या आतल्या पोराला खोकल्याचं औषध दुकानातनं आणून पाजायचं नाही, मध्य प्रदेशातली 2025 ची सिरपची बातमी त्यांनी टीव्हीवर बघितली होती त्यामुळं हे लगेच पटलं. हातांचं पण पटलं. धुरीचं मात्र काकूंना पटलं नाही, त्यांच्या चार पोरांना धुरी दिली आणि चारी धडधाकट आहेत, यावर माझ्याकडं काय उत्तर!

आजोबा आधी घरी आले, बाळ नंतर. खोकला बरेच दिवस रेंगाळला तेव्हा परत फोन, मी म्हटलं, पिते ना, पोट उडत नाही ना, मग राहू द्या, दोन-तीन आठवडे चालतो.

राहिलेल्या लसी घ्यायला आली तेव्हा काकू सोबत होत्याच. पोरगीनं पीसीव्हीकडं बोट दाखवून विचारलं, "मॅडम, हे न्यूमोनियाचं ना? हे दिलं की ते परत होणार नाही?" मी सांगितलं, ही न्यूमोकोकस नावाच्या दुसऱ्या जंतूची लस, त्या व्हायरसची नाही. त्याची गरोदर बाईला द्यायची लस अमेरिकेत 2023 ला मंजूर झाली, साठीच्या पुढच्यांसाठी पण त्याच वर्षी आली, पण आपल्या सरकारी यादीत अजून ती नाही, आणि तो व्हायरस परत होऊ शकतो.

"मग हे दुसरं तरी द्या," काकू म्हणाल्या, आणि बाळाचा पाय स्वतःच धरून बसल्या.