रत्नागिरी ते मालवण: खाड्या मोजत केलेला एका दिवसाचा प्रवास

रत्नागिरीहून मालवणला जायचं म्हटलं की गाडी आपोआप हातखंब्याकडे वळते. पाली, लांजा, राजापूर, खारेपाटण, कणकवली, कसाल आणि तिथून उजवीकडे मालवण. राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे आपला जुना सतरा नंबर. पोचायची घाई असेल तर हाच रस्ता धरा. पण या सगळ्या वाटेवर कसाल सोडून मालवण जवळ येईपर्यंत समुद्र काही दिसत नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा सागरी मार्ग वेगळा. रेवसपासून रेडीपर्यंतच्या या रस्त्याची कल्पना अंतुले मुख्यमंत्री होते त्या काळातली. त्यातला रत्नागिरी ते मालवण हा तुकडा आम्ही डिसेंबरात एका दिवसात केला. गाडीत आई, दादा, वहिनी आणि मी. ज्यांना तसंच जायचं आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट वेळेची. अंतर साधारण १६०-१७० किलोमीटर भरतं आणि नवखा माणूस म्हणतो, चार तासांत जाऊ. तसं होत नाही, कारण हा रस्ता खाड्यांनी तोडलेला आहे. वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, खाली खाडी. सड्यावर गाडी सरळ पळते, मग नागमोडी उतार सुरू होतो, तळाशी माडांची वाडी, पूल, आणि पलीकडे पुन्हा तेवढाच चढ. भाट्याची काजळी, पूर्णगडची मुचकुंदी, जैतापूरची खाडी, वाघोटण, वाडातर, तारामुंबरी, आचरा, कोळंब असं हे चालूच राहतं. पूर्वी या बऱ्याच ठिकाणी पलीकडे जायला होडीची तर होती आणि तरीवाल्याची वाट बघत माणसं बसायची. आता पूल झालेत, पण चढउतार तेच आहेत. त्यामुळे हिशोब करताना ताशी तीस-पस्तीस किलोमीटरच धरा. नुसतं चालवायलाच पाच-साडेपाच तास लागतात, आणि थांबणं धरलं की दिवस पुरतो, फार उरत नाही.

म्हणून सकाळी सव्वासहाला निघालो. भाट्याच्या पुलावर आलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवलेली बरी. पुढे पंप लागतात, पण गावातला पंप सकाळी उघडा सापडेलच असं धरून चालू नये. देवगड-जामसंड्यात पुन्हा भरता येतं.

दुसरी गोष्ट मोबाइलच्या नकाशाची. त्यात थेट 'मालवण' टाकलंत तर तो तुम्हाला हमखास महामार्गावर नेतो, आणि मध्येच सागरी मार्ग धरलात तरी दर फाट्याला परत तिकडेच ओढत राहतो. त्यासाठी एकेक गाव टाकत जा: पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर, पडेल, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. ही नावं कागदावरही लिहून घ्या, कारण खाडीच्या उतारावर रेंज जाते आणि फाटे नेमके तिथेच असतात. शंका आली तर माणसाला विचारा. फाट्यावर एसटीची वाट बघणारं कुणीतरी असतंच, आणि ते नीट सांगतात.

पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेतलं. इतक्या सकाळी गर्दी नव्हती, आईला शांतपणे बसता आलं. दुपारच्या खिचडीच्या प्रसादासाठी थांबायचं असेल तर मात्र मालवणचा नाद त्या दिवशी सोडा, दोन्ही जमत नाही. बरोबर बायकामाणसं आणि वयस्कर मंडळी असतील तर स्वच्छतागृहाची सोय मोठ्या देवस्थानांतच बघून घ्या. मधल्या सड्यांवर काही म्हणजे काही नाही.

पूर्णगडचा किल्ला लहानसा आहे, मुचकुंदीच्या मुखावर टेकाडावर बसलेला. दादा आणि मी चढून आलो. वरून एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि आपण आता ज्या पुलावरून जाणार तो पूल. खाली गावखडीचा किनारा लांबवर सुरूच्या बनामागे. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यामुळे रात्री किनाऱ्यावर दिवे, गाड्या असलं काही नेऊ नये. किल्ला बघायचा तर सकाळीच. उन्हं चढल्यावर तो चढ वयस्कर माणसाला सोसत नाही.

यानंतर जे पाहिलं, त्यासाठी हा सगळा प्रवास परत करायला मी तयार आहे. कशेळीत कनकादित्याचं सूर्यमंदिर आहे हे बहुतेकांना माहीत असतं. लोक दर्शन घेतात, देवघळीचा कडा बघतात आणि पुढे जातात. पण कशेळीच्या सड्यावर हत्ती आहे. जांभ्याच्या कातळात कोरलेला, साधारण १८ मीटर लांब. कुणी कोरला, का कोरला, काही ठाऊक नाही. आपण त्याच्या पायाशी उभे असतो आणि आधी काहीच कळत नाही, नुसता काळपट खडबडीत कातळ. मग एक रेघ सापडते, दोन बोटं रुंद असावी, आत थोडी माती आणि वाळलेलं गवत. त्या रेघेबरोबर चालत गेलं की ती वळते, खाली उतरते आणि सोंड होते. मग पाठ दिसते. आणि मग लक्षात येतं की हत्तीच्या पोटात सगळीकडे आणखी प्राणी आहेत, मासे आहेत, एकमेकांत शिरलेले. वहिनी एका माशाच्या कडेला उकिडवी बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

कोकणातल्या अशा कातळशिल्पांच्या जागा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या, त्यात कशेळी आहे. तिथे गेलात तर दोन गोष्टी पाळा. एक म्हणजे सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी जा. उन्हं तिरपी असतात तेव्हाच रेघांत सावली पडते आणि आकृती उमटते. भर दुपारी डोक्यावर ऊन असताना सगळा कातळ सपाट दिसतो आणि माणूस 'इथे काय आहे?' म्हणून परत फिरतो. आणि दुसरं, चित्रावरून चालू नका, कडेकडेने फिरा. जांभा दिसतो टणक, पण तो झिजतो. हजारो वर्षं टिकलेली रेघ आपल्या बुटांनी पुसली जावी हे बरं नव्हे. लहान मुलं बरोबर असतील तर गाडीतून उतरण्याआधीच त्यांना समजावून सांगा.

आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन आणि चहा-नाष्टा. इथून पुढे चिऱ्याचे ट्रक लागायला लागतात. चिरेखाणी या सड्यांवर जागोजाग आहेत आणि भरलेला ट्रक अरुंद रस्त्यावर बाजू देऊ शकत नाही. साइडपट्टी खचलेली असते, एक चाक खाली उतरलं तर तो कलंडेल. तेव्हा आपण थांबायचं. एसटीचंही तेच. वळणावर हॉर्न वाजवायला लाजू नका, इथे तो उद्धटपणा नाही. घाट चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

जैतापूरचा पूल ओलांडला की राजापूर तालुक्याचा शेवटचा टप्पा. माडबनच्या बाजूला अणुऊर्जा प्रकल्पाची जागा आहे, ९,९०० मेगावॅटचा म्हणून ज्याची इतकी वर्षं चर्चा चालली आहे तो. रस्ता पुढे किनारा सोडून आत शिरतो, तेव्हा वाट चुकली असं वाटतं. चुकलेली नसते. विजयदुर्गची खाडी मुखाशी फार रुंद आहे, तिला ओलांडायला आत वाघोटणपर्यंत यावं लागतं. हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा, समुद्र नाही, नुसती वळणं. ज्यांना गाडी लागते त्यांनी आडिवऱ्याला पोट भरून खाऊ नये, एवढंच सांगतो.

खाडीपलीकडे सिंधुदुर्ग जिल्हा. पडेल कँटीनच्या तिठ्यावर चहाला थांबलो तर टपरीवरच्या काकूंनी आईला विचारलं, "खंयसून इलास गो बाय?" आईचं माहेर देवगडचं. रत्नागिरीत चाळीस वर्षं काढून ती इथे एका क्षणात मालवणीवर आली, आणि दहा मिनिटांचा चहा अर्ध्या तासाचा झाला. असा वेळ हिशोबात धरून ठेवा. तो वाया जात नाही.

या तिठ्यावर निर्णय घ्यावा लागतो. उजवीकडे विजयदुर्ग, पंधराएक किलोमीटर, आणि तेवढंच परत. माझं मत स्पष्ट आहे: या दिवशी जाऊ नका. विजयदुर्ग म्हणजे शिलाहारांपासून शिवाजी महाराज, आंग्रे यांच्यापर्यंतचा इतिहास आहे, तीन बाजूंनी समुद्र आणि तिहेरी तटबंदी. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपले जे किल्ले गेले त्यांत तोही आहे. तो अर्ध्या तासात बघून फोटो काढून निघणं मला पटत नाही. त्याच्यासाठी वेगळा दिवस काढा. अगदीच जायचं असेल तर कशेळी आणि पूर्णगड दोन्ही वगळा.

वाडातरचा पूल उतरून जामसंडे, देवगड. जेवण इथेच करा, दीडच्या आत. घरगुती खानावळींत ताटं मोजकीच केलेली असतात, अडीचला गेलात तर भात आणि सोलकढीवर भागवावं लागेल. निघताना फोन करून किती माणसं ते सांगून ठेवलं तर उत्तम. आम्हाला बांगड्याचं तिरफळं घातलेलं तिखलं मिळालं. ताजं तिरफळ नव्हतं, वाळलेलं होतं, तरी पहिल्या घासाला जिभेवर ती बारीक झिणझिण आली. हापूसच्या आशेने डिसेंबरात कुणी येऊ नये. कलमांना तेव्हा मोहोर असतो. आंबा खायचा तर एप्रिल-मे, पण मग पेट्यांनी भरलेले टेम्पो आणि चाकरमान्यांच्या गाड्या दोन्ही रस्त्यावर असतात, त्यासाठी तास-दीड तास जादा धरा.

देवगडहून कुणकेश्वरला जुन्या वाटेने मोठा वळसा पडतो. तारामुंबरी-मिठमुंबरी पुलाने तो वाचतो, आणि पूल उतरल्यावर मिठमुंबरीचा किनारा अगदी रस्त्याला लागून आहे. रत्नागिरीकडून येताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे चालकाच्या बाजूला असतो. चालवणाऱ्याची नजर सारखी तिकडे जाते. माझीही जात होती, म्हणून इथून दादाने गाडी घेतली. समुद्र बघायचा तर गाडी नीट बाजूला लावून, उतरून बघा. रस्ता ओलांडताना मुलांचा हात धरा, वळणामागून येणारी गाडी दिसत नाही.

कुणकेश्वरला पाऊण तास ठेवा. देऊळ थेट किनाऱ्यावर, आवारात सावली आहे, हातपाय धुवायला पाणी आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत मात्र हा रस्ता प्रवासासाठी धरू नका, यात्रेसाठीच या. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्राही अशीच. तिची तारीख ठरलेली नसते, दरवर्षी वेगळी जाहीर होते, तेव्हा जानेवारीनंतर निघणाऱ्यांनी ती आधी विचारून घ्यावी. त्या दिवसांत मालवण-कणकवलीकडच्या रस्त्यांवर गाडी हलत नाही.

मिठबाव, हिंदळे करत आचऱ्याला आलो तेव्हा पाच वाजत आले होते. ऊन आता समोरून उजवीकडून डोळ्यांत येतं, काच आतूनही पुसून ठेवा. आचऱ्याच्या रामेश्वराच्या देवळात आम्ही थोडकंच थांबलो. याच गावची गावपळण, सगळं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहायला जातं ती, हा वेगळा विषय आहे. कोळंबचा पूल उतरून सूर्यास्ताच्या जरा आधी चिवल्याच्या किनाऱ्यावर पोचलो.

सिंधुदुर्ग किल्ला त्याच दिवशी जमेल का, असं बरेच जण विचारतात. नाही. होड्या संध्याकाळी बंद होतात आणि पावसाळ्यात तर जातच नाहीत. मालवणात मुक्काम करून सकाळी पहिल्या होडीने जा. आम्ही तेच केलं.

परतीला सागरी मार्ग नको, विशेषतः अंधारात. सड्यावर गुरं बसलेली असतात, कडेला दिवे नाहीत, कठडे नाहीत. मालवणहून कसाल गाठा आणि महामार्गाने हातखंब्यापर्यंत या. रत्नागिरी जिल्ह्यात शिरल्यावर कामांमुळे वळणरस्ते लागू शकतात, त्यामुळे निघण्याआधी कणकवलीत कुणा ट्रकवाल्याला पुढची परिस्थिती विचारा. गणपतीत आणि शिमग्यात मात्र हा हिशोब उलटा होतो. महामार्ग मुंबईच्या गाड्यांनी भरलेला असतो आणि तेव्हा दिवसाउजेडी सागरी मार्गच बरा पडतो.