तुम्ही विचारलंत म्हणून: अनोळखी हात धरताना

साताऱ्याला गेले की हा प्रश्न ठरलेला. चहा होतो, मुलांची चौकशी होते, आणि मग आत्या आवाज जरा खाली आणून विचारते, “तू म्हणे तिकडे दर सोमवारी नाचायला जातेस? कुणाचेही हात धरायचे, कुणाहीबरोबर गिरक्या घ्यायच्या. संकोच नाही गं वाटत?” हल्ली ओळखीतली तरुण मुलंही हेच विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात. दर वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि ते अपुरं पडतं. आज सविस्तर सांगते.

मी राहते ते गाव अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे, मोनॅडनॉक डोंगराच्या परिसरात. जुन्या शेतांचे दगडी बांध, मेपलची झाडं, आणि वर्षातले चार-पाच महिने बर्फ. जवळच नेल्सन नावाचं सहाशे-सातशे वस्तीचं गाव आहे. त्याच्या टाउन हॉलमध्ये सोमवारी रात्री नाच असतो. या नाचाला काँट्रा म्हणतात.

दोन लांब रांगा समोरासमोर उभ्या राहतात. तुमचा जोडीदार तुमच्यासमोर. मग वरच्या टोकापासून दोन-दोन जोड्या हात धरून चौघांचं कडं करतात. या चौघांत तुमच्याबरोबर आलेला तो ‘पार्टनर’, आणि दुसऱ्या जोडीतला, तुमच्या बाजूला उभा असलेला, तो ‘नेबर’. शेजारी. हा शब्द मला पहिल्या दिवसापासून आवडला. व्यासपीठावर एक कॉलर, म्हणजे पुढची चाल पुकारून सांगणारा, उभा असतो. तो आधी सगळ्यांकडून नाच नुसता चालून घेतो आणि मग वाद्यं सुरू होतात.

धून ६४ मात्रांची. तिचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा वाजतो. नाचही बरोबर ६४ पावलांत बसवलेला असतो: शेजाऱ्याबरोबर गिरकी, लांब रांगांनी पुढे-मागे, चौघांचं कडं डावीकडे, आणखी एखाददुसरी चाल. धून संपते त्या क्षणी तुम्ही आणि तुमचा जोडीदार एक जागा पुढे सरकलेले असता आणि समोर नवे शेजारी असतात. याला साधारण अर्धं मिनिट लागतं. मग तेच पुन्हा, नव्या माणसांबरोबर. आठ-दहा मिनिटांच्या एका नाचात पंधरा-वीस शेजारी होतात. पुढच्या नाचाला जोडीदारही बदलायचा, अशी रीत आहे. कुणीही कुणालाही विचारावं. बाईनं पुरुषाला, पुरुषानं पुरुषाला, आजीनं कॉलेजातल्या मुलाला. “आज नको” म्हटलं तरी कुणाला राग येत नाही. हात जड वाटला तर “जरा हलका” एवढं सांगायचं आणि समोरचा सैल करतो. संकोचाचं निम्मं उत्तर या रीतींतच आहे.

उरलेलं निम्मं माझ्या पहिल्या रात्रीत आहे. जानेवारी होता. आम्ही येऊन चार महिने झाले होते आणि नवऱ्याच्या नोकरीतली दोन-तीन माणसं सोडली तर मी कुणाशी बोललेही नव्हते. दारात सगळे बर्फाचे बूट काढून मऊ तळाचे बूट घालत होते, लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून. मी मोज्यांवरच उभी राहिले. एका उंच, साठीतल्या माणसानं जोडीदार म्हणून विचारलं. आमच्याच रस्त्यावर राहणारा, मेपलचं सिरप करणारा. त्याचे तळवे खडबडीत होते. गिरकीची वेळ आली तेव्हा त्यानं काही समजावलं नाही. पाठीला हात लावला, स्वतः किंचित मागे रेलला आणि थांबला. तेवढ्यात माझ्या अंगाला उमगलं. ही तर फुगडी.

उजवं पाऊल मध्यावर, डाव्यानं जमीन ढकलत राहायची, वरचं अंग मागे सोडायचं आणि हात सोडायचा नाही. इथे याला वजन देणं म्हणतात. दोघांनी सारखं दिलं तरच गिरकी हलकी होते. एकानं राखून ठेवलं की दोघंही अडखळतात. मंगळागौरीत आई मला ओरडायची, “अगं, रेल की मागे! मी धरलंय ना!” तीच शिकवण, तोच विश्वास. चक्कर येऊ नये म्हणून नजर समोरच्याच्या डोळ्यांवर ठेवायची, हेही फुगडीसारखंच. ज्याला ते अवघड जातं तो कानाकडे किंवा खांद्याकडे बघतो.

आत्याला मी एकदा वारीची आठवण करून दिली. ती तीन वर्षं आळंदीहून पंढरपूरला चालत गेलीय. वाटेत विसाव्याला नगरकडच्या, मराठवाड्यातल्या, कधी न पाहिलेल्या बायकांबरोबर फुगडी घातलीय, एकदा एका म्हाताऱ्या वारकरीबुवांबरोबरही. ती म्हणाली, “ते वेगळं. ते देवासाठी.” मान्य. काँट्रात देव नाही, आणि मी ते ओढूनताणून आणणारही नाही. पण अनोळखी हात धरायला एक ठरलेली चौकट असली, लय असली, आणि सगळे तेच करत असले, की त्या स्पर्शाचा अर्थ स्वच्छ राहतो. हे तिच्या पायांना माहीत आहे.

हा नाच मुळात इंग्लंडातला. लंडनच्या जॉन प्लेफर्डनं अशा नाचांचं पुस्तक १६५१ साली छापलं होतं. वसाहतींबरोबर तो इकडे आला. पुढे शहरांत क्वाड्रिल, वॉल्ट्झ, पोल्का या दुसऱ्या नाचांची चलती झाली आणि काँट्रा मागे पडला, पण या डोंगराळ गावांनी तो टाकला नाही. लोक स्वयंपाकघरातलं सामान हलवून तिथेच नाचत. त्याला किचन जंकेट म्हणत. राल्फ पेज हे मोठे कॉलर, १९०३ साली नेल्सनमधल्याच मन्सनव्हिल वस्तीत जन्मले. १९४९पासून १९८४पर्यंत ते या नाचांवरचं एक छोटं नियतकालिक चालवत होते. १९६०च्या दशकात डडली लॉफमन या कॉलरनी तरुणांची एक अख्खी पिढी नाचायला आणली.

पण मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते बॉब मॅकविलन. शाळेत शिकवायचे आणि नाचाला पियानो वाजवायचे. २०१४ साली गेले. त्यांनी हजाराहून अधिक धुना बांधल्या आणि त्यांतल्या कितीतरींना ओळखीच्या माणसांची नावं दिली. इथे एखादी धून सुरू झाली की कुणीतरी सांगतं, ही अमक्याच्या मुलीची.

संगीत नेहमी जिवंत असतं, रेकॉर्ड लावत नाहीत. फिडल म्हणजे व्हायोलिन, पियानो, कधी अकॉर्डियन, कधी बासरी. कधीकधी नाचाआधी तासभर नुसती मैफल होते, तेव्हा कॅनडातल्या क्यूबेकहून इथल्या गिरण्यांत कामाला आलेल्यांच्या धुना, आयरिश, स्कॉटिश, सगळं शांत बसून ऐकता येतं. पण मला नाचतानाच जास्त ऐकू येतं. पाच-सहा फेऱ्या झाल्या की कॉलर गप्प होतो, कारण नाच आता सगळ्यांच्या अंगात गेलेला असतो. मग फिडलवाली अचानक दुसऱ्या धुनेवर, वरच्या पट्टीत जाते आणि अख्ख्या सभागृहातून एक आरोळी उठते. तबल्यावर लग्गी सुरू झाल्यावर जसं होतं ना, तसं. माझा नवरा नाचत नाही. तो मागच्या बाकावर गिटार घेऊन बसतो, दोन-तीन कॉर्ड धरतो, आणि त्याला तिथे कुणी नको म्हणत नाही.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी इथल्या बऱ्याच गावांत टाउन मीटिंग असते, आपल्या ग्रामसभेसारखी. एका वर्षी रस्त्यांच्या खर्चावरून सिरपवाल्याचं आणि माझं भर सभेत वाजलं. मी घरी येऊन रडले. पुढच्या सोमवारी रांगेत सरकत सरकत आम्ही समोरासमोर आलो. तो शेजारी, मी शेजारी. त्यानं हात पुढे केला, मी धरला, दोघांनी पूर्ण वजन दिलं. रस्त्यांबद्दलचं आमचं मत आजही एक नाही.

मार्च २०२०मध्ये सगळं थांबलं. ज्या नाचात हात धरणं हाच गाभा, तो लांबून करता येत नाही. परत सुरू झाला तेव्हा आम्ही मास्क लावून नाचलो, आणि मला मास्कच्या वरच्या डोळ्यांवरून माणसं ओळखता येत होती.

आत्या, तुझ्यासाठी आणखी एक. सिरपवाल्याचे गुडघे आता साथ देत नाहीत. तो रांगेच्या खालच्या टोकाला खुर्ची टाकून बसतो. सरकत सरकत जी जोडी टोकाला पोचते तिला नवे शेजारी मिळायच्या आधी एक फेरी थांबावं लागतं, अर्धं मिनिट. ते अर्धं मिनिट आम्ही त्याच्याकडे वळतो. तो दोन्ही हात पुढे करतो. आम्ही धरतो, तालावर एकदा त्याच्याकडे झुकतो, एकदा मागे रेलतो, आणि तोही खुर्चीत मागे रेलतो. मग आमची पाळी येते, आणि त्याच्यासमोर दुसरी जोडी उभी राहते.