तळपाय बघितलेत का?

गणपतीनंतरच्या दिवसांत मुंबईत ताप आणि प्लेटलेट कमी म्हटलं की डेंग्यूच, असं सगळे धरून चालतात. भांडुपचा सहा वर्षांचा तो मुलगाही डेंग्यू म्हणूनच आमच्या बालरोग विभागात आला. पाच दिवसांचा ताप, अंगभर लाल पुरळ. आजी म्हणाली, "गोवर आहे हो बाई, उशाशी कडुलिंब ठेवलाय."

पण गोवर चेहऱ्यापासून खाली उतरतो. याचा चेहरा जवळजवळ मोकळा, पुरळ दाट होतं ते मनगटांवर आणि घोट्यांवर. मी मोजे काढले. तळपायांवर जांभळट ठिपके, दाबले तरी फिके न होणारे. तळहातांवरही तेच. उजव्या कानाच्या पाळीची कड काळीनिळी झालेली, आणि पायाच्या एका बोटाचं टोकही.

"गावाला गेला होतात?"

"हो, गणपतीला. मालवणजवळ, माझ्या भावाकडे."

"घरी गुरं, कुत्रा?"

आई बोलायच्या आधी मुलगाच पुटपुटला, "मोत्या." तो आणि मामेभाऊ मोत्याच्या कानातल्या गोचिडी हातांनी काढत बसायचे.

गोचिडीतून येणारा रिकेट्सिया हा जीवाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरातच शिरतो. बारीक वाहिन्या आधी बंद पडतात, म्हणून कानाची पाळी आणि बोटांची टोकं काळी पडतात. चाव्याच्या जागची काळी खपली मी डोक्याच्या केसांपासून जांघेपर्यंत शोधली, मिळाली नाही. आपल्याकडच्या या तापात ती बहुतेकदा नसतेच. या तापासाठीची वेल-फेलिक्स ही रक्तचाचणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते. रिपोर्टसाठी थांबलं तर बोटं जातात, कधी मूलही.

मी डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक लिहिलं. निवासी डॉक्टर बिचकली, "मॅडम, आठ वर्षांखाली? दात पिवळे पडतील." ही भीती त्याच गटातल्या जुन्या टेट्रासायक्लीनपासूनची. थोड्या दिवसांच्या डॉक्सीसायक्लीनने दात डागाळत नाहीत, आणि या आजारात ते कोणत्याही वयात द्यायचंच असतं. वजनाच्या दर किलोमागे 2.2 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा.

48 तासांच्या आत ताप उतरला. कान वाचला. बोटाच्या टोकाची काळी कातडी पुढे वाळून निघाली, हाड शाबूत राहिलं.

ताप उतरल्याच्या संध्याकाळी आईला मी भावाला फोन लावायला सांगितलं. मामेभावालाही आदल्या दिवसापासून ताप होता. तिथल्या डॉक्टरांना दाखवायला मी चिठ्ठी लिहिली, आईने लगेच त्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गावाला पाठवला.