कात टाकल्यानंतरचे दिवस

दिवस पहिला

कात बाजूला पडली आहे आणि टॅरंटुला, म्हणजे पाळलेला मोठा केसाळ कोळी, पाय पसरून निपचित बसला आहे. रंग असे खुलले आहेत की पेटी उघडून जवळून बघावंसं वाटतं. नेमकं तेच करायचं नाही. नवं कवच अजून मऊ आहे, आणि वीतभर उंचीवरून पडला तरी पोट फुटू शकतं.

आज फक्त दोन गोष्टी बघायच्या. पेटीत जिवंत भक्ष्य उरलेलं नको. मातीत दडलेला एखादा रातकिडाही मऊ कवच कुरतडू शकतो, आणि कोळ्याला या अवस्थेत स्वतःला वाचवता येत नाही. दुसरं म्हणजे पाण्याची वाटी काठोकाठ हवी. कोळ्याच्या पायांतल्या मुख्य सांध्यांना पाय दुमडणारे स्नायू असतात, ताणणारे नसतात. पाय ताणले जातात ते रक्तद्रवाच्या दाबाने. अंगातलं पाणी घटलं की पाय पोटाखाली मुडपू लागतात. ओलावा वाढवायचा तर मातीच्या एका कोपऱ्यात पाणी ओतावं. कोळ्याच्या अंगावर फवारा मारू नये.

दिवस दुसरा

कोळी कातीपासून दूर सरकला, म्हणून आज लांब चिमट्याने कात काढायची. अमेरिका खंडातल्या बऱ्याच जातींच्या पोटावर खाज आणणारे केस असतात आणि ते कातीवरही राहतात, तेव्हा हातमोजे हवेत, आणि कातीवर फुंकर तर मुळीच नको.

कात वाळून कडक झाली असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब घालून भिजवावी आणि पोटाचा भाग अलगद उलगडावा. आतल्या बाजूला फुप्फुसांच्या चार फिकट चकत्या दिसतात. पुढच्या दोन चकत्यांच्या मध्ये पडद्यासारखा किंवा दोन बोंडांसारखा उंचवटा असेल तर ती मादी. तो शुक्रकोश, म्हणजे नराचं शुक्र साठवायची पिशवी. फार लहान पिल्लाच्या कातीत भिंगाशिवाय हे ओळखता येत नाही.

मादीचं आधी मीलन झालेलं असेल तर साठवलेलं शुक्र या कातीबरोबर गेलं. आता पुन्हा जोडी लावावी लागेल.

दिवस चौथा

सुळे काल पांढरे होते, आज लालसर आहेत. पुढचं सगळं या रंगावर ठरतं. काळे होईपर्यंत ते भक्ष्यात घुसवण्याइतके कडक नसतात. घाईने खाऊ घातलं तर वाकतील किंवा मोडतील, आणि मोडलेले सुळे पुढच्या कातीपर्यंत परत येत नाहीत. कोळी काचेवर चढला की खालून बघून घ्यावं. त्यासाठी त्याला ढोसू नये.

दिवस सातवा

एका पायाच्या टोकाला जुन्या कातीचा तुकडा चिकटून आहे. कोळी चालतो आहे, पाणी पितो आहे, म्हणजे हात लावायचा नाही. ओढलं तर पाय सांध्यातून निसटू शकतो. पाय गेलाच तरी पुढच्या एक-दोन कातींत तो पुन्हा वाढतो, आधी बारीक, मग पुरता. खरी काळजी पोटाला किंवा सुळ्यांच्या मुळाशी कात अडकली तर करायची.

दिवस बारावा

सुळे काळेभोर. पिल्लांना तीन-पाच दिवस पुरतात, मोठ्यांना दहा ते चौदा, आणि थोराड जातींना त्याहूनही जास्त. पहिला घास नेहमीपेक्षा लहान, डोकं चिरडलेला रातकिडा. कोळी मागे सरला तर भक्ष्य लगेच काढावं आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा द्यावं.

पुढच्या पायांवर आकडे आले असतील आणि तोंडाजवळच्या स्पर्शकांची टोकं बॉक्सिंगच्या मोज्यांसारखी फुगली असतील, तर तो आता पूर्ण वाढलेला नर आहे. त्याची भूक यापुढे कमीच राहील. जबरदस्ती नको, वाटी मात्र रोज भरलेली हवी.