तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांच्या कॅन्सरवर औषध कधी निघणार?

मी मुलांच्या कॅन्सर विभागात समुपदेशक आहे हे कळलं की लोक हळहळतात आणि मग हमखास विचारतात, "यावर औषध कधी निघणार हो?"

निघालंय. केव्हाच. मुलांमध्ये सर्वाधिक दिसतो तो रक्ताचा कॅन्सर, त्यातही ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. औषधाने तो काही काळ तरी माघार घेतो, हे बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी 1948 मध्येच दाखवलं. आज श्रीमंत देशांत या आजाराची दहातली जवळपास नऊ मुलं वाचतात, तीही मुख्यतः व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन अशा जुन्याच औषधांवर. मुलांचे सगळे कॅन्सर धरले तर तिथे 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. अनेक गरीब देशांत मात्र 30 टक्केसुद्धा नाहीत.

अडतं कुठे? निदान उशिरा होतं, औषधांचा साठा संपतो, जंतुसंसर्ग मूल हिरावून नेतो. पण मला रोज भिडतं ते उपचार मध्येच थांबणं. ल्युकेमियाचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. पहिल्या महिन्याभरातच बहुतेक मुलांचा ताप जातो, भूक परतते, तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा होतात. घरच्यांना वाटतं, सुटलो! तिकडे धाकटं भावंड शेजाऱ्यांकडे, रोजगार बुडालेला, प्रवासाला पैसे नाहीत. न दिसणाऱ्या पेशी मात्र शिल्लक असतात, आणि उलटलेला आजार आधीच्या औषधांना दाद देईलच असं नाही. अशा आईबापांना अडाणी म्हणून मोकळे होणाऱ्यांचा मला फार राग येतो. त्यांच्या जागी हिशेब मांडून बघा.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात हा हिशेबच बदलला. तिथे मुलांसाठी स्वतंत्र विभाग उभारला, परिचारिकांना खास प्रशिक्षण दिलं, कुटुंबाच्या राहण्याची आणि येण्या-जाण्याची सोय केली. उपचार सोडणाऱ्यांचं प्रमाण 16 टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आलं. ल्युकेमिया न उलटता पाच वर्षं पार करणारी मुलं 1980 च्या दशकात 32 टक्के होती, 1997 ते 2002 या काळात 63 टक्के झाली. एवढा फरक पाडणारी नवी गोळी निघाली असती तर जगभर गाजावाजा झाला असता.

जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये ठरवलंय की 2030 पर्यंत जगभरातली कॅन्सर झालेली किमान 60 टक्के मुलं वाचली पाहिजेत. दर्जेदार औषधं मोफत पुरवण्याची योजनाही सुरू झालीय, 2025 मध्ये पहिला साठा मंगोलिया आणि उझबेकिस्तानला गेला. छानच. पण औषध कपाटात आणि मूल घरी, असं व्हायला नको.

यानंतरचा प्रश्न असतो, "मग आम्ही काय द्यावं?" बहुतेक जण खेळणी आणतात. आणा, मुलं खूश होतात. पण त्याआधी रुग्णालयात चौकशी करा: ठरलेल्या तारखेला मूल आलं नाही, तर त्याच दिवशी घरी फोन कोण करतं? कुणीच करत नसेल, तर असा फोन करणारा माणूस ठेवायला, त्याच्या पगाराला हातभार लावा. आणि तो फोन केल्यावर "यायला पैसे नाहीत" असं उत्तर आलं, तर त्या भाड्याला.